रान उंबऱ्याबाहेरच बरं!

‘काय बाई मजा आहे तुमची! खिडकी उघडली की जंगल!’

माहेरची कुणीही पहिल्यांदा आमच्याकडे आली की हेच म्हणते. मी नुसती हसते. खिडकी उघडली की जंगल, हे खरंच आहे. पण खिडकी उघडी राहिली की जंगल घरात, हेही तितकंच खरं! दोन दिवसांच्या पाहुणीला ते कळत नाही, एवढंच.

मी इचलकरंजीची. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. १९९८ साली लग्न होऊन सावंतवाडीला आले. आमचं घर गावाच्या टोकाला, नरेंद्र डोंगराच्या पायथ्याशी. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागीलदारी न्हाणी. न्हाणीच्या मागे गडगा आणि गडग्यापलीकडे लगेच रान सुरू.

पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मी भात लावला होता. दिव्याभोवती हजारो पंखवाले किडे घोंघावायला लागले. बघता बघता पंख गळून पडले आणि भाताचं पातेलं त्या पंखांनी भरून गेलं. वाळवीला पंख फुटतात, ती पहिल्या पावसात उडते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मग एकेकाची ओळख होत गेली. पाय लागला की वेटोळं करणारा पैसाकिडा, न्हाणीतली गोम, डब्याच्या झाकणातून शिरणाऱ्या मुंग्या, माळ्यावर रात्रभर शर्यती लावणारे उंदीर. मी रडकुंडीला आले की सासूबाई शांतपणे म्हणायच्या, ‘रानाक लागान घर म्हटल्यार ह्यां चलतलाच.’ त्यांचा जन्म त्यातच गेलेला.

पण बाहेरच्यांचा सूर वेगळा असायचा. एका मावससासूंनी तर चारचौघींत सुनावलं, ‘घरात किडामुंगी म्हणजे घरच्या बाईचा हात नाही फिरत हो!’ ते वाक्य माझ्या मनाला इतकं लागलं, की पुढची कितीतरी वर्षं मी केरसुणी हातातून खाली ठेवली नाही. दिवसातून दोनदा केर, दोनदा फरशी, कोपऱ्याकोपऱ्यात पावडर, महिन्याला फवाऱ्याची बाटली. माझे हात सोलवटले, धाकट्या दिरांना फवाऱ्याच्या वासाने खोकला लागला. उंदीर आणि झुरळं मात्र होती तिथेच होती.

मग आली २०११ सालच्या जुलैमधली ती रात्र.

वीज गेली होती. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती आजीच्या कुशीत, माजघरात जमिनीवर गोधडी टाकून झोपायची. मध्यरात्री केव्हातरी सासूबाई उठल्या, त्यांनी उशाची बॅटरी लावली आणि मला हाक मारली. आवाज अगदी हळू. ‘हलू नको गो. हय जनावर आसा.’

आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत. गोधडीच्या काठाशी, लेकीच्या पावलापासून वीतभर अंतरावर, काळाभोर, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे असलेला साप होता. मण्यार. सासूबाईंनी नातीला झोपेतच उचललं आणि त्या मागे सरकल्या. त्यांच्या हाताला कंप नव्हता. माझे पाय मात्र लटलटत होते.

ह्यांनी गावातल्या सर्पमित्राला फोन केला. तो भर पावसात आला, साप बरणीत घातला आणि मग म्हणाला, ‘वहिनी, देवाची कृपा समजा. मण्यार चावली तरी कित्येकदा कळत नाही. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही दिसत नाही कधी कधी. माणूस झोपेतच असतो. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, मग श्वास...’ त्याने वाक्य पुरं केलं नाही. ते बरंच झालं.

निघताना त्याने बॅटरी मागून घेतली आणि सबंध घराला एक फेरी मारली. ती फेरी मी आजतागायत विसरलेले नाही. न्हाणीच्या मोरीचं पाणी जायचं भोक उघडं, त्यातून मूठ जाईल. मागच्या भिंतीला टेकवून रचलेली पावसाळ्याची लाकडं. माजघराच्या कोपऱ्यात भाताची पोती, पोत्यांमागे उंदराच्या लेंड्या. पुढच्या दारावर रात्रभर जळणारी पांढरी ट्यूब, तिच्याभोवती किडे, किड्यांवर टपलेल्या पाली, खाली बेडूक. ‘मण्यारीचं जेवण हेच, वहिनी. पाली, बेडूक, उंदीर, दुसरे लहान साप. तुम्ही ताट वाढून ठेवलंय आणि दारही उघडं आहे. मग पाहुणा येणार नाही तर काय?’

मला आधी राग आला. इतकी झिजते मी या घरासाठी, आणि हा म्हणतो ताट वाढलंय! रात्रभर विचार केला तेव्हा पटलं. मी झाडत होते, पुसत होते, मारत होते. पण त्यांची यायची वाट आणि त्यांचं खाणं, या दोन गोष्टींना मी हातच लावला नव्हता. आणि त्यातली निम्मी कामं केरसुणीची नव्हतीच. ती गवंड्याची होती, सुताराची होती. म्हणजे घरातल्या सगळ्यांची होती.

शहाणपण मात्र लगेच आलं नाही. त्याआधी आम्ही एक मोठी चूक केली. ती सांगते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात आजही ती होत असेल.

उंदीर असले की साप येणार, म्हणून ह्यांनी बाजारातून उंदीर मारायची पेस्ट आणली. भाकरीच्या तुकड्यांना लावून फडताळाखाली, माळ्यावर ठेवली. तिसऱ्या दिवशी आमची मनी मांजर पडवीत मरून पडली. तिने मेलेला उंदीर खाल्ला की भाकरीचा तुकडा, देव जाणे. मुलगी दिवसभर रडली. संध्याकाळी तिची भातुकली आवरताना माझा हात थबकला. इवल्याशा पितळी ताटलीत भाकरीचा एक तुकडा होता. वर पेस्ट. फडताळाखालून तिने तो बाहुलीच्या जेवणासाठी काढून आणला होता!

तिचे हात साबणाने चार-चारदा धुतले आणि तिला घेऊन डॉक्टरबाईंकडे धावले. तिने तोंडात काही घातलं नव्हतं, पण डॉक्टरबाईंनी चार दिवस नजर ठेवायला सांगितली आणि मला समोर बसवून समजावलं. अशा पेस्टमध्ये बरेचदा पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेला की सुरुवातीला उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो, घरचे निश्चिंत होतात आणि आतल्या आत यकृत निकामी होत जातं. त्यावर उतारा म्हणून औषधच नाही. सापाच्या विषावर निदान लस तरी आहे!

म्हणजे बघा, रानातून आलेल्या जनावराने माझ्या लेकीला काही केलं नाही. तिच्या जिवावरचं संकट आम्हीच बाजारातून विकत आणून भाकरीला लावून ठेवलं होतं. ती पेस्ट त्या दिवसापासून घरातून कायमची गेली. पुढे उंदराला पिंजराच.

त्या दिवाळीत घरात नवा टीव्ही यायचा होता. मी पहिल्यांदाच हट्ट धरला. टीव्ही पुढच्या वर्षी, आधी गवंडी. सासूबाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या आणि प्रश्न मिटला.

काय केलं ते सांगते. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवली. जोत्याच्या आणि चिऱ्यांमधल्या फटी सिमेंटने बुजवल्या. जिथे उंदराने पोखरलं होतं तिथे सिमेंटमध्ये काचांचे तुकडे घातले, कारण नुसतं सिमेंट ओलं असतानाच उंदीर उकरतो. नळाच्या पाइपाभोवतीच्या लहान फटीत भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरली. तारेवर दात चालत नाहीत. उंदराच्या पिल्लाला करंगळीएवढी फटसुद्धा पुरते, तेव्हा ‘एवढ्याशा भोकाने काय होतंय’ असं म्हणायचं नाही. मागच्या दाराखाली बोटभर फट होती, तिथे रबरी पट्टी मारून घेतली. वासे आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागेला बारीक जाळी लावली. घराला हवा लागतेच, म्हणून तिथे सिमेंट नको, जाळीच हवी.

कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी तोडताना मला वाईट वाटलं. पण उंदीर, मुंग्या, साप या सगळ्यांचा तो पूलच होता. आता छपरापासून चार-पाच हात लांब असेल तेवढंच झाड ठेवतो.

लाकडं भिंतीपासून लांब, दीड फूट उंच चिऱ्यांच्या चौथऱ्यावर. खाली वारा खेळला पाहिजे. लाकडं काढताना हात घालण्याआधी काठीने ढोसायचं. नारळाच्या करवंट्यांचा ढीगही तिथून हलवला. करवंटीत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून दर रविवारी अंगणातलं साठलेलं पाणी ओतायचं काम ह्यांच्याकडे. फणस-काजूचा कुजका कचरा घरामागे न टाकता लांब खड्ड्यात.

भात पत्र्याच्या पिंपात, घट्ट झाकणाचं. डाळी, कुळीथ, रवा सगळं कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावर डब्यात. रात्री खरकटी भांडी मोरीत ठेवायची नाहीत. हे सगळ्यात अवघड गेलं! दमलेल्या जिवाला रात्री दहाला भांडी घासायचा कंटाळा येतोच. पण आता घरात जो शेवटी जेवतो तो भांडी विसळून ठेवतो, मग तो पुरुष का असेना.

दारावरची पांढरी ट्यूब काढून पिवळसर उजेडाचा दिवा लावला, तोही गरजेपुरता. पांढऱ्या-निळसर उजेडाकडे किडे जास्त झेपावतात. एका बल्बने पडवीतल्या पालींची संख्या कमी होईल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

वाळवीने मात्र मला चटका दिलाच. माझ्या माहेरच्या लोखंडी ट्रंकेत आईच्या हातची पाककृतींची वही होती. ट्रंक भिंतीला चिकटून, जमिनीवर. गंजलेल्या तळातून वाळवी शिरली. वही उघडली तर नुसत्या पुठ्ठ्याच्या आत माती. आई तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी मी जेवले नाही. त्यानंतर वाळवीची चाल समजून घेतली. तिचं अंग मऊ असतं, उघड्या हवेत ती सुकते, म्हणून जमिनीतून वर चढताना मातीची नळी बांधून तिच्या आतून येते. भिंतीवर अशी नळी दिसली की मी थोडी मोडते आणि दोन-तीन दिवसांनी पाहते. परत बांधली असेल तर वारूळ जिवंत आहे, माणूस बोलवायचा. घर बांधतानाच पायात औषध घालून घेतलं तर उत्तम. नंतर करायचं तर भिंतीलगत भोकं पाडून औषध मुरवावं लागतं. ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं, आणि आपल्या विहिरीपासून किती अंतरावर करणार ते आधी विचारावं. बाकी आपल्या हातात आहे ते असं, की कपाट-ट्रंका भिंतीपासून चार बोटं दूर, खाली विटा, आणि गळती दिसली की लगेच दुरुस्ती. ओल हेच वाळवीचं माहेर.

विंचवाचंही सांगायला हवं. कोकणातल्या तांबड्या विंचवाने पूर्वी कितीतरी मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा वापर करून त्यावर इलाज दाखवला आणि असंख्य जीव वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण इलाज आहे म्हणून बेफिकीर राहू नये. चप्पल-बूट झटकून घालणं, दोरीवरचे कपडे झाडून घेणं, गोधडी उलगडून झटकणं, एवढ्याने बरंच टळतं. लहान मुलाला विंचू चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार पडणं सुरू झालं तर मंत्र-उतारे करत बसू नका, दवाखाना गाठा.

आणि २०१६ साली आमच्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला तेव्हा आम्ही बायका फार घाबरलो होतो. हा आजार प्रथम १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. गोचिडीच्या चाव्याने तो माणसाला होतो. रानातला पातेरा, म्हणजे सुकी पानं, गोळा करायला जातात त्या बहुतेक बायकाच. तेव्हापासून हिवाळा-उन्हाळ्यात रानात जाताना अंगभर कपडे, उघड्या अंगाला आरोग्य खात्याने दिलेलं डेपा तेल, आणि आल्याबरोबर गरम पाण्याने अंघोळ, कपडे गरम पाण्यात, हा नेम झाला. कुत्र्याच्या, गुरांच्या कानामागे गोचीड बघायची. रानात माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवायचं.

माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी आता याच्याही नोंदी असतात. मे महिन्यात कौलं शाकारणं, फांद्या तोडणं, धान्याला ऊन. मृगाच्या आधी जाळ्या तपासणं. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दिवे मालवून लवकर जेवणं. श्रावणात गणपतीची साफसफाई आलीच, तेव्हा माळा उतरवणं. दिवाळीनंतर भात घरात येतो, तेव्हा पिंजरे. बस्स. रोजची ती ऊर फुटेस्तोवर झाडलोट मी कधीच सोडली. घर पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे!

जमिनीवर झोपणं मात्र आम्ही बंद केलं. सासूबाई कुरकुरल्या, मग खाटेवर आल्या. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून घ्यायची. डास तर थांबतातच, पण रात्री फिरणाऱ्या सापापासूनही ती वाचवते. जागा नसेल आणि खालीच झोपावं लागत असेल, तर मच्छरदाणी हवीच हवी. कार्बोलिक आम्ल, लसूण, मीठ यांच्या रेघांनी साप अडतो, यावर विसंबू नका.

आणि एवढं करूनही साप चावलाच तर? कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. बांगड्या-अंगठ्या काढायच्या, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, १०८ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने प्रतिविष असेल त्या रुग्णालयात थेट जायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांच्या विषावर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून नेण्यात वेळ घालवू नका. पावसात अंगाखाली जमीन असताना कुणी पहाटे पोटदुखीने, जड पापण्यांनी उठलं, तर खूण दिसो न दिसो, दवाखाना.

सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी ती जुनी बॅटरी होती. आता मी ती माझ्या उशाशी घेते.

लेक पुण्यात शिकते. वेताळ टेकडीच्या पायथ्याशी चार मुली खोली घेऊन राहतात. परवा तिचा फोन आला. खोलीत झुरळं झाली, एक उंदीरही दिसला. मैत्रिणी फवारा आणि पेस्ट आणायला निघाल्या होत्या. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, ‘आई, मी त्यांना थांबवलंय. आधी तारेची घासणी आणि दाराला पट्टी आणलीय. मोरीला जाळी लावून द्या म्हणून मालकांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही मुली जरा स्वच्छ राहत जा!’

‘मग तू काय म्हणालीस?’

‘म्हटलं, काका, झाडून आम्ही घेतो. पण भोक तुमच्या भिंतीला आहे!’

मावससासूंना जे उत्तर द्यायला मला तेरा वर्षं आणि एक मण्यार लागली, ते माझ्या लेकीने एका वाक्यात दिलं. जाळी दुसऱ्याच दिवशी बसली म्हणे!